मुठीवरची मधली जागा

१

महिन्यातल्या एका रविवारी मास्तर बायकोचे केस कापत. लग्न झाल्यापासूनचा रिवाज होता हा. मास्तर सूट शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात कापड बेतायचं काम करीत. कापडाला जी शिस्त लागते तीच केसांना लागते, असं त्यांचं ठाम मत होतं. मागच्या खोलीत खिडकीजवळ स्टूल मांडायचं, बायकोच्या खांद्यांवर जुनी चादर टाकायची, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. बोलताना मान हलवायची तिला जन्माची खोड. "मान स्थिर ठेव," मास्तर म्हणणार. "ठेवलीय की," ती म्हणणार, आणि म्हणता म्हणता पुन्हा हलवणार. एवढं असूनही मानेवरची रेघ अशी उतरायची की शेजारणी पार्लरचा पत्ता विचारत.

मग मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. भलतंसलतं काही नाही, वय झालं, काळजी करू नका, हाताला काहीतरी वेगळं काम द्या, असं म्हणाले. काळजी करू नका म्हटल्यावर कुणाची काळजी गेलीय आजवर? कात्री धरली की पातं खडूच्या रेघेवरून बाजूला जायचं. मालक भला माणूस. त्याने चारचौघांत काही न बोलता मास्तरांना बटणांच्या खोलीत बसवलं आणि "थोडे दिवस" असं म्हणाला. ज्या माणसाने उभा जन्म लोकरीचे तागे बेतले त्याने आता बटणं निवडायची.

पण मास्तरांच्या जिव्हारी लागलं ते घरचं. शेवटच्या रविवारी मानेवरची रेघ वाकडी गेली. बायको त्यावर एक अक्षर बोलली नाही. महिनाभर केस वर बांधून हिंडली आणि वर म्हणाली, "मला असेच आवडायला लागलेत." ती चिडली असती तर परवडलं असतं. मास्तरांनी स्टूल उचलून माळ्यावर टाकलं.

२

तलवारीचं खूळ मास्तरांच्या डोक्यात घातलं ते साडूने. बायकोच्या बहिणीचा हा नवरा म्हणजे नाना छंदांचा माणूस. आधी मासे पाळले, ते मेले. मग दुर्बीण आणली आणि चंद्राला कंटाळला. हल्ली तो जपानी पद्धतीच्या तलवारींनी भिजवलेल्या चटया कापत असे. "मास्तर, दोन्ही हातांचं काम आहे. एक हात चुकला तर दुसरा सांभाळतो. चला तर खरं," म्हणून तो त्यांना दुकानात घेऊन गेला.

दुकानदारबाई काउंटरमागे लोकरीचं काहीतरी विणत बसल्या होत्या. विणकाम खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "टांगायला हवी की कापायला?"

"कापायला. आणि परवडणारी," साडू म्हणाला.

बाईंनी आतून एक लांबट खोका आणला आणि त्यावरची चिकटपट्टी त्यांच्यासमोरच फाडली. "ही घ्या. कोरी आहे, हात लागलेला नाही. आत कडक पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ. नुसतं कडक असलं तर तडकतं, नुसतं मऊ असलं तर वाकतं. म्हणून थर."

"कोटासारखं," मास्तर म्हणाले. "आत कॅनव्हास, बाहेर लोकर."

बाई पहिल्यांदाच हसल्या. मास्तरांनी पातं म्यानातून काढलं आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली धरलं. मऊ पोलाद जिथे संपत होतं आणि आतलं कडक पोलाद बाहेर येत होतं, तिथे धारेलगत एक नागमोडी रेघ गेली होती, चांगल्या लोकरीवर असते तशा मंद झळाळीची. स्वस्तातली वस्तू, पण करणाऱ्याने कुठे हात आखडता घेतला नव्हता. मास्तरांना असल्या कामाचं फार अप्रूप. 

मग साडूने मूठ कशी धरायची ते दाखवलं. उजवा हात पुढे, पातं आणि मूठ यांच्यामधल्या तबकडीजवळ. डावा हात मुठीच्या टोकाला. आणि दोघांच्या मध्ये मूठभर जागा.

"मधली जागा कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"मोकळी राहू द्यायची. तिथे कुणाचं काही काम नसतं."

मास्तरांनी तशी धरली. आणि त्यांच्या लक्षात आलं, हात थरथरत नाहीये. टोक हवेत उभं होतं, एका जागी, चित्रातल्यासारखं. त्यांनी श्वास रोखून धरला होता तो सोडला, तरी टोक हललं नाही. साडू काहीतरी बोलत होता, ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते दुकानदारबाईंना दिसू नयेत म्हणून ते पाठमोरे उभे राहिले.

३

गवती चटई आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवायची. सकाळी काढायची, घट्ट गुंडाळायची, दोन ठिकाणी बांधायची आणि लाकडी ठोकळ्यावरच्या खुंटीत उभी खोचायची. मास्तरांच्या घरामागे उंच भिंतींचं छोटं अंगण होतं, तिथे हा सगळा कारभार सुरू झाला. बायकोचे कपडे वाळत घालायचे दोर गेले, तिने कुरकुर केली, पण नवऱ्याला इतक्या दिवसांनी पहाटे उठून काहीतरी करताना बघून तिला मनातून बरंच वाटलं.

पहिल्या रविवारी चटईने मास्तरांची पार शोभा केली. वार केला की गुंडाळी खुंटीवर डुलायची, पातं निम्म्यात अडकायचं आणि सगळं धूड ठोकळ्यासकट कलंडायचं. "चटई जिवंत आहे असं समजा," साडू सांगायचा. "ती पळणारच. पळायच्या आत कापायची." मास्तर मुकाट्याने पुन्हा खोचायचे, पातं मुठीत धरून ठेवणारी बांबूची मेख घट्ट आहे ना ते बघायचे, पुन्हा उभे राहायचे.

आणि एका रविवारी कापली गेली. तलवार तिरकी खाली आली, हवेत शिट्टीसारखा बारीक आवाज झाला, आणि गुंडाळीचा वरचा तुकडा घसरून शांतपणे गवतावर पडला. खालचा भाग होता तिथे उभा. मास्तरांनी जवळ जाऊन कापलेल्या तोंडावर बोट फिरवलं. एक काडी टोचली नाही. असा काप त्यांनी आयुष्यात कात्रीनेही घेतला नव्हता.

"वा, मास्तर," साडू म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं आणि चमचाभर असूयाही होती. "मला वर्ष लागलं याला. आणि तुमची चटई डुललीसुद्धा नाही."

४

मुठीवर फिकट राखाडी सुती फीत गुंडाळलेली होती. घाम लागून ती मळणार, हे ओघाने आलंच. ते प्रथम दिसलं बायकोला.

"अहो, तुम्ही ही तीन हातांनी धरता का?" तिने चेष्टेने विचारलं.

मास्तरांनी चष्मा लावून बघितलं. तबकडीजवळ एक डाग, टोकाशी एक, आणि मधल्या मोकळ्या जागेत तिसरा. घाम ओघळला असेल, ते म्हणाले. पण कापडावरचे डाग वाचण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. ओघळलेला डाग कडेने फिका होत जातो. हा तसा नव्हता. याच्या आणि दोन्ही बाजूंच्या डागांमध्ये फीत कोरी होती.

दुसऱ्या दिवशी सराव झाल्यावर त्यांनी मधल्या जागेवर अंगठा ठेवून बघितला. गरम लागली. त्यांचे स्वतःचे तळवे इतके गरम नव्हते. मास्तर हसले. सुती फीत, दोन्हीकडून हातांची ऊब, मध्ये कोंडली जाते, झालं. माणसाचं मन असं असतं, कुठेही काहीही बघतं.

तरी त्यांना राहवलं नाही. कारखान्यातला पांढरा खडू आणून त्यांनी मधल्या जागेवर चोळला, हात साबणाने स्वच्छ धुतले, नवी चटई खोचली आणि नेहमीसारखे वार केले. झाल्यावर तळवे बघितले. खडूचा कणही नाही. मूठ बघितली. मधल्या जागेवर खडू उरला नव्हता.

तो चटईवर होता. गुंडाळीच्या वरच्या टोकाला, काप गेला होता त्याच्या वीतभर वर, ओल्या गवतावर चार पुसट पांढरे डाग, एकाखाली एक. जणू वार होताना कुणीतरी ती हलू नये म्हणून धरली होती.

मास्तरांनी एक डाग बोटाने घासून बघितला, खडूच होता. मग त्यांनी स्वतःला समजावलं. खडू काय, त्यांच्या अंगाला जन्माचा चिकटलेला. शर्टाच्या बाहीला असेल, खोचताना लागला असेल. त्यांनी चटईवर बादलीभर पाणी ओतलं आणि आत गेले. बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगून उगीच तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा.

आणि खरं सांगायचं तर त्यांना सोडवत नव्हतं. हात आता दिवसभर स्थिर राहायला लागला होता. मालकाने चाचणी म्हणून एक जाकीट बेतायला दिलं, ते बघितलं, आणि त्याच दुपारी बटणांच्या खोलीतून मास्तरांची खुर्ची पुन्हा मोठ्या टेबलाशी आली. सगळ्या कारागिरांनी मशिनी थांबवून बघितलं. अशा वेळी चार डागांचा हिशेब कोण मागतो?

५

पातं गंजू नये म्हणून त्याला तेल लावतात, आणि तेल लावून झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय मूठ धरायची नाही. साडूने हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण त्या सकाळी चटई वाळायला लागली होती आणि आतून बायकोने चहाला हाक मारली होती. घाईघाईत मास्तरांनी हात नुसते फडक्याला पुसले. एक वार मारून मग चहा, असा विचार करून ते उभे राहिले.

तलवार डोक्यावरून खाली यायला लागली आणि मूठ निसटली. दोन्ही हातांतून. साबण निसटतो तशी.

मास्तरांना सगळं स्पष्ट कळलं. तलवार आता सुटणार, समोरच्या भिंतीवर आदळणार आणि उलटून कुठेही जाणार. बायको चहाचे कप घेऊन मागच्या दारात उभी आहे. आपले तळवे उघडे आहेत.

तलवार सुटली नाही. ती चटईतून आरपार गेली, पलीकडे गुडघ्याच्या उंचीवर थांबली आणि तशीच थांबून राहिली, साडू कधीपासून शिकवत होता आणि मास्तरांना कधी जमलं नव्हतं तशी, टोक जराही न डळमळता. मास्तरांचे उघडे तळवे मुठीच्या दोन्ही बाजूंना होते. मध्ये हवा होती. मग मूठ हळूच वर आली आणि त्यांच्या तळव्यांना टेकली, आणि त्यांनी बोटं मिटली, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही.

"काय सुरेख मारलात हो," मागून बायको म्हणाली. तिला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

वरचा तुकडा अजून पडला नव्हता. कापलेला होता, पण खालच्यावर तसाच बसून होता, चीर शोधावी लागत होती. मास्तरांनी बोटाने ढकलल्यावर तो पडला. इतका देखणा काप की त्या भीतीतही त्यांना वाटलं, हा कुणी घेतला त्याच्या पाया पडावं. मग ते तिथेच जमिनीवर बसले.

६

चहा तसाच टाकून त्यांनी तलवार खोक्यात घातली आणि साडूच्या घरी नेऊन ठेवली. "मला झेपत नाही. तुम्ही वापरा. पण आधी रिकाम्या अंगणात, एकटे असताना," एवढंच सांगितलं. साडूला वाटलं, मास्तरांची आता हौस फिटली.

दुसऱ्या दिवशी मास्तर फोनजवळच बसून होते. साडूचा फोन आला.

"मास्तर, साधीच निघाली हो तुमची तलवार. वाईट नाही, पैसे वसूल आहेत. पण माझी चटई डुलतेय, पातं अडकतंय, सगळं पहिल्यासारखं."

"मूठ? मूठ गरम होते का?"

"मूठ कशाला गरम होईल? तुमच्याच हातात गुण होता, दुसरं काय."

मास्तरांना हायसं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. तलवार गेली म्हणजे हातही गेला. सोमवारी ते कारखान्यात गेले. टेबलावर महागाची काळी लोकर अंथरलेली होती, खडूच्या रेघा मारून तयार. मास्तरांनी कात्री उचलली.

हात स्थिर होता.

पातं खडूच्या रेघेच्या मधोमध चाललं, अर्धा खडू या तुकड्यावर, अर्धा त्या. कारखान्यातली जुनी माणसं टेबलाभोवती गोळा झाली. मालकाने नुसता मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणजे हात आपलाच बरा झाला, मास्तरांनी मनाशी म्हटलं. सरावाने बरा झाला. बाकी सगळे मनाचे खेळ. दुपारी जेवताना त्यांच्या लक्षात आलं की कापड सरकू नये म्हणून त्यावर लोखंडी वजनं ठेवायची असतात, ती आज ठेवायची राहूनच गेली. वजनं खिडकीतच होती. तरी कापड तसूभर सरकलं नव्हतं. जाड लोकर आहे, आपल्याच भाराने बसते, त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि डबा पुढे ओढला.

७

रविवारी दुपारी त्यांनी माळ्यावरून स्टूल काढलं आणि पुसून खिडकीजवळ ठेवलं. हाक मारायची गरजच पडली नाही. बायको स्टुलाचा आवाज ऐकून आली, दारात क्षणभर थांबली आणि केसांच्या पिना काढत काढत येऊन बसली.  मास्तरांनी तिच्या खांद्यांवर चादर टाकली तेव्हा तिने त्यांचा हात आपल्या हाताने जरा दाबला आणि सोडला. मास्तरांना वाटलं, टेबल परत मिळालं त्यापेक्षा हे मोठं.

मग पट्टा सुरू झाला. बहिणीची दुखरी टाच, साडूचं नवं खूळ (आता म्हणे मधमाश्या), शेजारच्या बाईंनी बदललेले पडदे. खिडकीतून ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. मास्तर डाव्या हातातल्या फणीने केस खाली ओढत होते आणि उजव्या हातातली कात्री त्याखालून सरकवत होते. कात्री चालल्याचा तेवढा बारीक आवाज येत होता. रेघ उतरत गेली, एका कानापासून दुसऱ्या कानाकडे, पट्टी ठेवून मारावी तशी. मास्तर आपल्याच कामावर खूश झाले. इतकी चांगली रेघ लग्नाच्या वर्षीही उतरली नव्हती.

बायको बोलत होती, हसत होती. आणि मास्तरांच्या लक्षात आलं की आज एकदाही 'मान स्थिर ठेव' म्हणावं लागलं नाही.

"शहाणी झालीस," ते कौतुकाने म्हणाले. "आज मान अजिबात हलवली नाहीस."

"हलवू कशी?" बायको म्हणाली. "तुम्हीच तर घट्ट धरून ठेवलीय. जरा सैल करा की. आणि हात केवढा गरम आहे तुमचा."

मास्तरांनी डाव्या हाताकडे बघितलं. त्यात फणी होती. उजव्या हाताकडे बघितलं. त्यात कात्री होती. मग त्यांनी बायकोच्या डोक्याकडे बघितलं. उन्हात केस चमकत होते, सगळीकडे सारखे, फक्त कानाच्या वर चार ठिकाणी ते दबले होते, एकाखाली एक. बघता बघता ते आणखी दबले.

"अगं, बघ ना..." असं काहीतरी ते बोलायला गेले, पण तोंडातून धड शब्द फुटेना. कात्रीची दोन्ही पाती अजून उघडी होती, मानेच्या कातडीपासून बोटभर अंतरावर. आधी ही टाकायची, एवढं एकच त्यांना कळलं. त्यांनी उजव्या हाताची बोटं सोडली. सगळी. हात मागे ओढून घेतला आणि छातीशी धरला.

मोकळा झाल्याबरोबर हात थरथरायला लागला, पहिल्यासारखा, कोपरापर्यंत.

मास्तर फरशीवर कात्री पडल्याचा आवाज यायची वाट बघत उभे राहिले. बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. खिडकीचा पडदा हलला आणि बसला. कात्रीचा आवाज आला नाही.

"झालं का हो?" बायकोने विचारलं.